इशारा, मुदत आणि त्यानंतर

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी शाळेतल्या मुलांना देवगिरीचा किल्ला दाखवायला नेतो. पूर्वीचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, या आमच्या शहरापासून तो चारपाच कोसांवर. मुले अंधारी वाट चढताना ओरडतात, वटवाघळे उडाली की किंचाळतात, आणि वर बारादरीपाशी पोहोचली की डबे सोडतात. यंदा आमच्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. मी मुलांना १२९६ सालची हकीगत सांगत होतो. ती ऐकून तो म्हणाला, “गुरुजी, रामदेवरायाला नेमके हेच जमले नाही, ज्याच्यासाठी आमच्या सी भाषेच्या ग्रंथालयात एक वेगळे फंक्शन लिहून ठेवले आहे.”

मी मॅट्रिकपुरता शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, म्हणून गावात थोडा मान आहे. पण संगणकाच्या भाषेतले मला काडीचेही कळत नाही. तरी त्या दिवशी बारादरीच्या सावलीत बसून त्याने मला जे समजावले, ते डोक्यातून जाईना. ते इतिहासाचेच आहे, असे माझे मत होत गेले. माणसाने इशाऱ्याची वाट कशी पाहिली, किती पाहिली, आणि इशारा आलाच नाही तर काय केले, याचा हा इतिहास आहे.

प्रथम देवगिरीची हकीगत. ती फेरिश्त्याने घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली. तिच्यातले काही रंग नंतरचे असतील, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन चुलत्याला न कळवता काही हजार स्वार घेऊन दक्षिणेत उतरला आणि एलिचपूरवरून देवगिरीवर आला. यादवांचे मुख्य सैन्य रामदेवरायाच्या मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, दूर होते. राजा किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लागले. अल्लाउद्दीनाने एक अफवा पेरून दिली, की ही नुसती आघाडी आहे, दिल्लीची वीस हजारांची फौज मागून येत आहे. अफवेला पैसा लागत नाही आणि दाणागोटाही लागत नाही.

राजाने तह केला. सोने-मोती देऊन शत्रू परत फिरणार, तोच शंकरदेव सैन्यासह येऊन पोहोचला. बापाने निरोप पाठवला, की तह झाला आहे, लढू नकोस. तो निरोप मुलाने मानला नाही. लढाई जुंपली आणि यादवांची सरशी होऊ लागली. किल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी अल्लाउद्दीनाने मलिक नुसरतला हजार स्वारांसह मागे ठेवले होते. त्याने हुकुमाची वाट न पाहता घोडे लढाईकडे फेकले. त्या हजार घोड्यांची धूळ आकाशाला भिडली. आणि यादवांच्या सैन्याने ती धूळ पाहून ठरवले, की हीच ती दिल्लीची वीस हजारांची फौज! जिंकत आलेले सैन्य उधळले.

पुन्हा वेढा पडला. शेजारच्या राजांकडून मदत येईल, या आशेवर रामदेवराय तग धरून होता. किल्ल्यात पोत्यांच्या थप्प्या रचलेल्या होत्या. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचा तो माल घाईघाईने धान्य म्हणून आत घेतलेला होता. पोती उघडली, तर आत मीठ निघाले. मग मात्र पहिल्यापेक्षा कडक अटींवर दुसरा तह करावा लागला.

मुलांना या गोष्टीतले मीठ फार आवडते. मला धूळ अधिक बोलकी वाटते. जो मनुष्य एखाद्या इशाऱ्याची भीतीने वाट पाहत असतो, त्याला कोणतीही धूळ तोच इशारा वाटते. कोणत्या इशाऱ्याची वाट पाहायची, हे त्याने नेमके ठरवलेले नसते. आणि मिठाचा अर्थ असा, की आपण किती दिवस वाट पाहू शकतो हे राजाला ठाऊकच नव्हते. मुदत होती, पण ती पोत्यांत शिवलेली होती. ती त्याने मोजली नव्हती.

आता दुसरी हकीगत. ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १६६० चा आषाढ होता. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला चार महिने वेढा घातलेला. १२ जुलैच्या रात्री शिवाजीमहाराज पावसातून निसटले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. पाठीवर सिद्दी मसूद होता. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळ्यांनिशी थांबले. महाराज गडावर पोहोचले, की तोफांचे बार होतील. तोवर खिंड सोडायची नाही, असा ठराव होता. बार पाच, असे परंपरा सांगते. इकडे विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तो फोडल्याखेरीज महाराजांना वर जाता येणार नव्हते. म्हणजे इशारा किती वेळात येईल, हे इशारा देणाऱ्यालाही माहीत नव्हते.

मी मुलांना विचारतो, इशाऱ्यासाठी तोफच का? डोंगरावर जाळ का केला नाही? एखादा पोर उत्तर देतो, “गुरुजी, आषाढात लाकडे भिजलेली असतात.” खरेच आहे. सह्याद्रीच्या आषाढधुक्यात जाळ चार हातांवर दिसत नाही. आवाज मात्र धुक्यातून जातो. तो किलोमीटरमागे सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणून इशारा दिल्याचा क्षण आणि तो पोहोचल्याचा क्षण एक नसतो. पण जाळासारखा तो वाट चुकत नाही. आणि बार पाच असतील, तर त्याचेही कारण उघड आहे. एक बार गडाच्या वेढ्यातल्या लढाईचा असू शकतो; लागोपाठचे पाच बार म्हणजे दुसरे काही नव्हे. देवगिरीच्या धुळीत जी चूक झाली, ती या आकड्यात टाळलेली आहे.

बाजीप्रभूंनी मात्र मुदत घातली नव्हती. ‘इतक्या घटका वाट पाहू, मग निघू’ असे ते म्हणाले नाहीत. कारण ‘मग’ला जागाच नव्हती. खिंड सोडणे म्हणजे ज्याच्यासाठी थांबलो तेच सोडणे. जिथे मागे फिरण्याची वाट नसते, तिथे मुदत ठेवण्यात अर्थ नाही. अशी वाट माणूस प्राणाने पाहतो. पण रोजचे जग खिंडीसारखे नसते. रोजच्या जगात इशारा न आल्यावरही पुढे कुठेतरी जायचे असते.

मुदत मोजण्याचे साधन आपल्याकडे जुनेच आहे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतात; ती भरून बुडाली, की घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, तिची पळे साठ, आणि अशा साठ घटकांचा दिवस. लग्नात ती वाटी बुडेपर्यंत सारा मांडव थांबतो. पण घटिकापात्र नुसती वेळ सांगते. वेळ भरल्यावर काय करायचे, हे माणसाने आधी ठरवून ठेवावे लागते. मला तो नियम प्रथम आढळला आमच्याच घरात.

माझे आजोबा रेल्वेच्या फाटकावर होते. निजामाच्या राज्यात हैदराबादपासून मनमाडपर्यंत मीटरगेजचा मार्ग झाला आणि १९०० सालाच्या सुमारास आमच्या शहराला आगगाडी आली. नव्वदीच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत ती छोटी गाडी आमच्या माळावरून जात होती. आजोबांचे फाटक जालन्याच्या बाजूला, वस्तीपासून दूर. फाटक लावून कुलूप घातल्याखेरीज सिग्नल पडत नसे. सिग्नल पडल्याखेरीज गाडीने पुढे यायचे नसे.

माझ्या जन्माआधीच्या एका पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर, पॅसेंजर त्या सिग्नलपाशी येऊन थांबली. ड्रायव्हरने शिट्टी दिली. सिग्नल पडेना. भारतीय रेल्वेच्या नियमांत अशा फाटकाच्या सिग्नलासाठी स्पष्ट लिहिलेले आहे: शिट्टी द्यावी, दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे वाट पाहावी, तरीही सिग्नल मिळाला नाही, तर सावकाश फाटकापर्यंत जावे. तिथे फाटकवाला हातबत्ती दाखवीत असेल तर पुढे निघावे. नसेल तर फाटकापाशी थांबून आधी चौकशी करावी. ड्रायव्हरने दोन मिनिटे मोजली आणि इंजिन पाऊलपाऊल पुढे आणले. दिव्याच्या उजेडात त्याला खोपटाच्या दारात माझे आजोबा पडलेले दिसले. अंगात भयंकर ताप, हातात विझलेला कंदील. फायरमनने त्यांना उचलून गार्डाच्या डब्यात घातले, फाटक लावले, आणि गाडी त्यांना घेऊन जालन्याला गेली.

आजी ही हकीगत सांगताना देवाचे नाव घेई. मी ते खोडून काढीत नाही. पण देवाइतकेच त्या दोन मिनिटांना मी हात जोडतो. नियमात नुसते ‘सिग्नल पडेपर्यंत थांबावे’ एवढेच असते, तर गाडी कायदेशीरपणे उजाडेपर्यंत उभी राहिली असती आणि आजोबा खोपटाच्या दारात भिजत राहिले असते. आणि ‘सिग्नल पडला नाही तर थोडे थांबून सरळ जावे’ असे असते, तर उघड्या फाटकातून जाणाऱ्या बैलगाडीचा चुराडा होण्याची भीती होती. नियम करणाऱ्याने दोन्ही टाळले. मुदत संपली याचा अर्थ लाल दिवा हिरवा झाला, असा नव्हे. मुदत संपली, म्हणजे आता सावधपणे जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली.

मुंबईच्या लोकलमार्गावरच्या आपोआप चालणाऱ्या सिग्नलांनाही हाच हिशोब लागू आहे. लाल दिव्यापाशी मोटरमन दिवसा एक, रात्री दोन मिनिटे थांबतो, शिट्टी देऊन गार्डाशी खुणेची देवघेव करतो, आणि कुठल्याही क्षणी थांबता येईल अशा बेताने, समोरचे स्वच्छ दिसत असले तरी ताशी पंधरा किलोमीटरच्या आत, पुढच्या सिग्नलाकडे सरकतो. लाखो माणसे रोज या नियमावर विसंबून डब्यात डुलक्या घेतात.

आता त्या विद्यार्थ्याच्या फंक्शनाकडे वळतो. त्याने सांगितले ते मला समजले तसे मांडतो.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणक चालवण्याची व्यवस्था उभी केली. रिचीने १९७२ च्या सुमारास सी भाषा सिद्ध केली आणि १९७३ साली त्या व्यवस्थेचा गाभाच सीमध्ये लिहिला गेला. तिच्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमला बाहेरून टपली मारण्याची सोय होती. तिचे नावच सिग्नल. कोणी काम थांबवण्याची कळ दाबली, ठरवलेला वेळ भरला, पोटचा प्रोग्रॅम संपला, की सिग्नल येतो. प्रोग्रॅमला कधीकधी दुसरे काम नसते. सिग्नल येईपर्यंत झोपायचे असते.

या झोपेत एक जुना खड्डा होता. प्रोग्रॅम आधी पाटीकडे पाही: इशारा येऊन गेला का? पाटी कोरी असली, तर झोपी जाई. पण पाटीकडे पाहणे आणि डोळा मिटणे यांच्या मधल्या निमिषात इशारा आला तर? पाटीवर खूण होई. पण प्रोग्रॅमने ती पाहिलेली नसे. तो झोपे, आणि येऊन गेलेल्या इशाऱ्याची जन्मभर वाट पाही. गजर लावून झोपावे, तर गजरही त्याच निमिषात वाजून जाऊ शकतो. अशी चूक हजारांत एकदा होते; म्हणूनच ती सापडत नाही.

पुढच्या पिढ्यांनी हा खड्डा हळूहळू बुजवला. प्रथम सिग्नल दाराबाहेर अडवून ठेवण्याची भरवशाची सोय झाली: आलेला इशारा हरवत नाही, देवडीवर बसून राहतो. मग १९९३ साली पॉझिक्स नावाच्या सर्वमान्य नियमावलीत भर पडली आणि तिच्यात सिगटाइम्डवेट हे फंक्शन आले. आज लिनक्स वापरणाऱ्या बहुतेक संगणकांच्या सी ग्रंथालयात ते असते. त्याला दोन मुख्य गोष्टी सांगाव्या लागतात: कोणकोणत्या इशाऱ्यांची वाट पाहायची त्यांची यादी, आणि किती वेळ पाहायची ती मुदत. मुदत सेकंदांत, आणि त्याखाली सेकंदाच्या अब्जाव्या भागांत लिहितात. आपल्या पळाचे चोवीस सेकंद होतात. त्यापुढे हे काय सांगावे! यादीतले इशारे आधीच देवडीवर अडवायचे, मग हे फंक्शन बोलवायचे. आधी येऊन बसलेला इशारा असेल, तर ते त्याला लगेच आत घेते. नसेल तर झोपते. पाहणे आणि झोपणे यांच्यामध्ये फट राहत नाही.

“आणि पाच तोफा?” मी विचारले.

तो हसला. साधे सिग्नल मोजले जात नाहीत, म्हणाला. एकाच जातीचे पाच आले आणि पाचही देवडीवर थांबले, तरी आत एकच जातो. याच १९९३ च्या भरतीत ओळीने रांग लावणारे नवे सिग्नलही आले. ते पाच पाठवले तर पाच पोहोचतात. घोडखिंडीत दुसऱ्या जातीचे हवेत!

हे झोपणे तीन प्रकारांनी संपते. यादीतला इशारा आला, तर फंक्शन त्याचा क्रमांक सांगते. यादीबाहेरच्या एखाद्या सिग्नलाने मध्येच उठवले, तर ‘व्यत्यय आला’ असे सांगते. हैदराबाद संस्थानाचा जैसे थे करार मला इथे आठवला. २९ नोव्हेंबर १९४७ ला तो एका वर्षासाठी झाला. पण वर्ष भरण्याआधीच, १३ सप्टेंबर १९४८ ला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि आमच्या मराठवाड्याचे वाट पाहणे मुदतीआधी संपले. तिसरा प्रकार म्हणजे मुदत भरणे. तेव्हा फंक्शन एक ठरावीक उत्तर देते. त्या उत्तराचे नाव ईअगेन. त्याने मला त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. त्याचा अर्थ ‘हरलास’ असा नाही, ‘इशारा नाहीच’ असाही नाही. त्याचा अर्थ आहे, ‘पुन्हा पाहा’.

मी गप्प बसलो त्याचे कारण आमच्या शाळेत होते.

आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि जोडीबरोबर पोरेही जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. पण त्यासाठी यादीत नाव वेळेवर जावे लागते. काही वर्षांपूर्वी सहावीत एक मुलगी होती. निबंध असे लिहायची, की मी तिची वही घरी नेऊन बायकोला वाचून दाखवी. तिचा बाप म्हणाला होता, “पोरीला आजीपाशी ठेवायचं का न्यायचं ते सांगतो, गुरुजी.” मी बरे म्हटले. सुट्टी संपली. निरोप आला नाही. मी रोज वर्गात तिच्या जागेकडे पाही आणि मनात म्हणे, उद्या निरोप येईल. तिची वस्ती शाळेपासून सायकलने अर्ध्या तासावर. यादी पाठवण्याचा दिवस आला तेव्हा मी गेलो. खोपटाला कुलूप होते. टोळी आठ दिवसांपूर्वीच गेली होती. नंतर शेजाऱ्यांकडून कळले, की आजी आजारी पडली म्हणून मुलीला न्यावे लागले, आणि मास्तरांना सांगायला कोणी मोकळे नव्हते.

हंगाम संपल्यावर ती परत आली. वर्गात मागे बसली. हाताला पाचटाचे ओरखडे होते. निबंध लिही म्हटले, तर नुसती हसली.

त्या आठ दिवसांत माझी चूक निरोपाची वाट पाहण्यात नव्हती. किती दिवस पाहायची आणि त्यानंतर काय करायचे, हे मी ठरवले नव्हते, ही माझी चूक. गप्प बसलेल्या माणसाला सांगायचे काही नाही, असे मी धरून चाललो. माझे आजोबा त्या रात्री गप्पच होते. त्यांना सांगायचे होते. फक्त कंदील विझला होता.

तेव्हापासून मी हजेरीच्या वहीत एक रीत ठेवली आहे. मूल तीन दिवस आले नाही आणि निरोपही आला नाही, तर चौथ्या दिवसाच्या सकाळी सायकल काढायची. पुष्कळदा काहीच नसते: कोणाला गोवर असतो, कोणाच्या मामाचे लग्न असते. आईबाप हसतात, चहा करतात. एखादे मूल मात्र त्या दिवशी खरोखर हरवण्याच्या बेतात असते.

किल्ल्यावरून उतरताना त्या अंधाऱ्या वाटेत एक पोर मागे राहिले. पुढच्यांनी हाका मारल्या, उत्तर नाही. मी मनात साठ आकडे मोजले आणि दिवा घेऊन परत फिरलो. ते पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा बांधत होते. “आवाज आला होता, गुरुजी,” ते म्हणाले, “पण तोंडात सुतळी होती.”